डोमेन घेऊन ठेवलंय, आता त्याचं करायचं काय?

डोमेनचा, म्हणजे वेबसाइटसाठी नावं घेऊन ठेवायचा, नाद लागलेली माणसं लगेच ओळखू येतात. डोक्यात एखादं भारी नाव येतं, रजिस्ट्रारकडे (अशी नावं विकणाऱ्या कंपनीकडे) टाकून बघितलं तर चक्क मोकळं असतं, मग कुणी दुसरा घेईल या भीतीने लगेच पैसे भरून मोकळे होतात, आणि वर्षभराने रिन्यूअलचा मेल आला की आठवतं अरे हे पण आपल्याकडे आहे की. तुमच्याकडे अशी दोन-चार नावं पडून असतील तर हे तुमच्यासाठीच आहे, आणि अजून एकही घेतलं नसेल तर अजूनच बरं.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. नावं घ्यायची, धरून ठेवायची आणि चढ्या भावाने विकायची हा वेगळा धंदा आहे, त्यात पैसा नक्कीच आहे पण तो मुख्यतः लवकर आलेल्यांचा. पहिलं डॉट कॉम नाव १९८५ साली रजिस्टर झालं, आणि सोपे, छोटे, एका शब्दाचे इंग्रजी डॉट कॉम तर केव्हाच उचलले गेलेत. दुसरा प्रकार होता पार्किंगचा, म्हणजे पानावर काहीच नाही, नुसत्या जाहिराती, आणि लोक अॅड्रेस बारमध्ये अंदाजाने नाव टाकून तिथे पोचायचे. गूगलने स्वतःचं अॅडसेन्स फॉर डोमेन्स (अशा रिकाम्या पानांवर जाहिराती लावायची सोय) २०१२ मध्ये बंद केलं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये असा अपडेट आणला की नावात नेमका सर्चचा शब्द आहे पण आत दम नाही अशा साइट खाली गेल्या. म्हणजे नुसत्या नावाची पुण्याई एकाच वर्षात दोन्ही बाजूंनी आटली. तरी अजून लोक 'बेस्ट-चीप-अमुकतमुक' असली दोन हायफनची नावं घेऊन ठेवतात, का ते त्यांनाच ठाऊक.

नव्या माणसाला जमण्यासारखं आहे ते असं: एक साधं नाव, त्यावर एकाच छोट्या विषयाची साइट, आणि तिच्यावर जाहिराती आणि अॅफिलिएट लिंक्समधून (वस्तूची अशी लिंक की तिच्यावरून कुणी खरेदी केली तर तुम्हाला कमिशन मिळतं) हळूहळू येणारे पैसे. याला पॅसिव्ह इनकम म्हणतात पण पहिलं वर्षभर तरी त्यात पॅसिव्ह काही नसतं, लिहावं लागतं, दुरुस्त करावं लागतं, परत लिहावं लागतं.

आता विषय कसा निवडायचा, तर माझ्या मते इथेच निम्मं काम असतं. नाव सुचलं की लगेच विकत घेऊ नका. एक कागद घ्या, फोन लांब ठेवा, आणि त्या विषयात लोकांना खरोखर पडतील असे ४० प्रश्न गूगल न बघता लिहून काढा. दहा-बारावर गाडी अडली तर एकतर विषय फार बारीक आहे किंवा तुम्हाला तो येत नाही, दोन्हीचा अर्थ एकच, सोडून द्या. आणि लिहिता लिहिता ३०० होतील असं वाटायला लागलं तर विषय फार पसरट आहे, 'आरोग्य', 'प्रवास', 'पैसा' हे विषय नाहीत, त्यात मोठमोठ्या कंपन्या आणि त्यांच्या पगारी टीम बसल्यात, तिथे आपला पाड लागणार नाही. शिवाय आरोग्य आणि पैसा यात गूगल जरा जास्तच कडक आहे, चुकीच्या माहितीने कुणाचं नुकसान होऊ शकतं म्हणून, आणि ते बरोबरच आहे.

भाषेचं म्हणाल तर ज्या भाषेत तुम्हाला त्या विषयावर भांडता येतं त्या भाषेत लिहा, फक्त जाहिरात नेटवर्क ती भाषा घेतं का तेवढं आधी बघून ठेवा.

नाव घेताना काय बघायचं ते पटापट सांगतो. फोनवर कुणाला तरी नाव सांगा आणि त्याला लिहायला सांगा, स्पेलिंग विचारलं तर नाव वाईट. दुसऱ्याचा ब्रँड नावात घुसवायचा नाही, १९९९ पासून यूडीआरपी नावाची पद्धत आहे, ट्रेडमार्कवाला तक्रार करतो, तुम्ही ते नाव वाईट हेतूने घेतलंय असं ठरलं की नाव त्याच्याकडे जातं आणि तुमची सगळी मेहनत पण त्याबरोबर जाते. नवीन नवीन एक्स्टेंशन (नावाच्या शेवटी डॉट कॉमसारखं जे लागतं ते) पहिल्या वर्षी जवळपास फुकट मिळतात पण रिन्यूअल बघितलंत तर डोळे पांढरे होतात, तेव्हा पहिल्या वर्षाची किंमत बघूच नका, दुसऱ्या वर्षाची बघा. दोन अक्षरी एक्स्टेंशन देशांची असतात आणि नियम त्या त्या देशाचे, त्यामुळे ते वाचूनच घ्या. बाकी डॉट कॉम मिळत असेल तर फार डोकं लावू नका.

एक्स्पायर झालेली जुनी नावं घ्यायची का हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. नाव एक्स्पायर झालं की लगेच सुटत नाही. डॉट कॉममध्ये आधी रजिस्ट्रारकडची थोडी मुदत, मग ३० दिवस रिडेम्प्शन जिथे जुना मालक दंड भरून परत घेऊ शकतो, मग ५ दिवस पेंडिंग डिलीट, आणि मग सगळ्यांसाठी मोकळं. त्यातही चांगली नावं मोकळी होण्याआधीच लिलावात जातात. घेण्याआधी वेबॅक मशीन नावाच्या साइटवर, जिथे जुनी वेबपानं साठवलेली असतात, त्या नावाच्या जुन्या प्रती बघायच्याच, आधी तिथे जुगार नाहीतर बनावट औषधांची पानं असतील तर लांबूनच नमस्कार. आणि जुन्या नावाच्या पुण्याईवर भलताच मजकूर चढवायचा ही युक्ती तर गूगलने मार्च २०२४ मध्ये स्पॅम पॉलिसीतच टाकली, त्यामुळे जुनं नाव घेतलंत तर विषय जुनाच ठेवा, निदान जवळचा तरी.

आता खरं काम, म्हणजे पानं लिहिणं. समजा विषय आहे फाउंटन पेन. बहुतेक जण पहिलं पान लिहितात 'फाउंटन पेन म्हणजे काय, इतिहास, प्रकार आणि फायदे'. हे कुणी वाचत नाही हो. त्याऐवजी असा माणूस डोळ्यासमोर आणा की ज्याला ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं पडलेलं पेन सापडलंय, आत शाई सुकलीय, बोटं निळी झालीयत आणि तो एका हाताने फोनवर टाइप करतोय. त्याला पहिल्याच ओळीत सांगा: साधं गार पाणी घ्या, गरम नको, कारण गरम पाण्याने निबखालचा फीड वाकडा होऊ शकतो. मग कन्व्हर्टरने (पेनमधली शाई ओढायची नळी) पाणी आत ओढायचं, बाहेर सोडायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. नाहीच आलं तर निबचा भाग रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचा आणि नंतर टिश्यू पेपरमध्ये गुंडाळायचा म्हणजे आतलं पाणी आणि उरलेली शाई शोषली जाते. स्पिरिट, अॅसिटोन वापरू नका, पेनच्या प्लास्टिकचं वाटोळं होतं. प्रत्येक पायरीला स्वतः काढलेला फोटो, निळ्या बोटांसकट, तोच तर पुरावा की तुम्ही हे केलंय.

असं एक पान टाकलं की पुढचं पान शोधायला लागत नाही. सर्च कन्सोल, म्हणजे तुमची साइट सर्चमध्ये कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन, फुकट आहे, त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन त्या एका पानाचा फिल्टर लावा आणि लोकांनी काय टाइप केलं ती यादी बघा. तिथे अशा ओळी दिसतील की इम्प्रेशन (पान सर्चमध्ये किती वेळा दिसलं) भरपूर आणि क्लिक शून्य, म्हणजे बऱ्याचदा गूगल तुमचं पान दाखवतंय पण उत्तर तिथे नाही हे लोकांना कळतंय. उदाहरणार्थ 'इंडिया इंक (चित्रं काढायची काळी शाई) फाउंटन पेनमध्ये चालते का'. तुम्ही तर त्यावर एक ओळही लिहिलेली नाही. मग त्यावर वेगळं पान: नाही चालत, त्या शाईत बऱ्याचदा शेलॅक (लाख) असतं, ते आत सुकून घट्ट बसतं आणि मग पाण्याने निघत नाही. जुन्या पानावरून नव्याला लिंक, नव्यावरून जुन्याला. फांदीला फांदी फुटते तशी साइट वाढते, आणि लोक काय शोधतात ते सांगणाऱ्या महागड्या कीवर्ड टूलची गरज निदान पहिल्या ३०-४० पानांपर्यंत तरी पडत नाही असं माझं ठाम मत आहे.

एआयकडून दिवसाला ५० लेख काढून चढवायचे का, तर नाही. वाचणाऱ्याच्या कामाचं नाही असं घाऊक लिखाण, माणसाने केलेलं असो की मशीनने, २०२४ च्याच त्या पॉलिसीत स्पॅम म्हणून धरलं जातं. आणि दुसरं म्हणजे त्याच वर्षी मे महिन्यात गूगलने सर्चच्या वरच एआयची उत्तरं द्यायला सुरुवात केली, त्यामुळे 'म्हणजे काय', 'किती असतं', 'कधी झालं' टाइप प्रश्नांची उत्तरं लोकांना तिथेच मिळतात, तुमच्या पानापर्यंत कोण कशाला येईल. जे उरतं ते म्हणजे स्वतः करून बघितलेलं, मोजलेलं, दोन वस्तू शेजारी ठेवून तुलना केलेलं, फोटोसकट. हे सांगायला कटकटीचं वाटतं पण नव्या माणसाला हीच एक जागा शिल्लक आहे.

पैशाचं बोलू. अॅडसेन्स, म्हणजे तुमच्या साइटवर जाहिराती लावून देणारी गूगलची सेवा, २००३ पासून आहे आणि सुरुवात बहुतेक जण तिथूनच करतात. आधी क्लिकवर पैसे मिळायचे, २०२४ पासून मुख्यतः जाहिरात दिसण्यावर मिळतात. खात्यात १०० डॉलर (किंवा तुमच्या चलनात ठरलेली रक्कम) झाल्याशिवाय पैसे बाहेर येत नाहीत, आणि लहान साइटला तिथपर्यंत पोचायला महिनेच्या महिने लागतात हे आधीच धरून चाला. स्वतःच्या जाहिरातीवर स्वतः क्लिक करणं, मित्रांना करायला सांगणं, असलं काही नको, खातं बंद होतं आणि परत उघडणं महाकठीण.

छोट्या विषयाच्या साइटला माझ्या मते अॅफिलिएट जास्त मानवतं कारण येणारा माणूस काहीतरी घ्यायच्याच विचारात असतो. अॅमेझॉनचा कार्यक्रम १९९६ पासूनचा, तिथे लिंकवर क्लिक केल्यापासून २४ तासात त्या माणसाने वस्तू कार्टमध्ये टाकली आणि पुढे विकत घेतली तर कमिशन, आणि नवीन खात्याला १८० दिवसात ३ विक्री दाखवाव्या लागतात नाहीतर खातं बंद. म्हणून अर्ज पहिल्याच दिवशी करू नका, रोज थोडेफार लोक यायला लागले की करा. ही लिंक अॅफिलिएट आहे हे पानावर स्पष्ट लिहायचं, तो नियमही आहे आणि वाचणाऱ्याला त्याचं काही वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते कधी हातातही न घेतलेल्या वस्तूला पाच स्टार दिलेले बघून.

किती दिवसात किती मिळतील हे कुणी छातीठोक सांगत असेल तर तो बहुधा कोर्स विकतोय. नव्या नावाला पहिले सहा-आठ महिने जवळपास शुकशुकाट असतो, मग एखादं पान उचल खातं, आणि ते नेमकं तेच असतं ज्याच्याकडून तुमची काही अपेक्षा नव्हती. गूगलच्या एखाद्या मोठ्या अपडेटमध्ये साइटवर येणारी निम्मी माणसं रातोरात गायबही होतात, तेव्हा जमेल तितक्या लवकर ईमेलची यादी सुरू करा, ते वाचक तरी गूगलच्या मर्जीवर नसतात. आणि नोकरी सोडून वगैरे या भानगडीत पडू नका.

उरलेल्या डोमेन्सचं काय, तर एक साइट चालू असताना दुसरी उघडायची नाही. रिन्यूअलचा मेल आला की त्या नावासाठी ४० प्रश्नांचा कागद करून बघा, होत असेल तर एक वर्ष अजून ठेवा, नाहीतर ऑटो रिन्यू बंद करा आणि जाऊ द्या. चालू साइट पुढे विकायची वेळ आली तर घेणारा सर्च कन्सोल आणि कमाईचे मागचे १२ महिन्यांचे आकडे मागतोच, त्यामुळे कमाई-खर्चाची साधी एक्सेल शीट पहिल्या दिवसापासून ठेवा. व्यवहार एस्क्रोमधून (सौदा पूर्ण होईपर्यंत पैसे धरून ठेवणाऱ्या तिसऱ्याकडून) करा, पैसे तिथे जमा झाल्याची खात्री झाल्यावरच डोमेनचा ट्रान्सफर कोड (नाव दुसरीकडे हलवायला लागतो तो) द्यायचा, आणि नाव नुकतंच दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवलेलं असेल तर साधारण ६० दिवस ते परत हलत नाही हे घेणाऱ्याला आधीच सांगून ठेवा म्हणजे ऐनवेळी वादावादी नको.