मराठी संकेतस्थळ उघडायला वेळ लागतो? या चुका टाळा

संकेतस्थळ मंद असल्याची तक्रार ग्राहक करतो आणि मालकाला ती पटत नाही, कारण नागपूरच्या सीताबर्डीतल्या कार्यालयात, फायबरच्या जोडणीवर, तेच पान त्याच्यासमोर क्षणात उघडते. पहिली चूक इथेच होते. त्या संगणकात पानाच्या फाइली आधीच साठलेल्या असतात, आणि काटोलच्या संत्राबागेत साधा फोन घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे त्या नसतात. म्हणून चाचणी मोबाइल डेटावर, जुन्या फोनवर आणि आधी साठलेल्या फाइली न वापरणाऱ्या इन्कॉग्निटो (खासगी) खिडकीतच करावी. गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या वेग मोजणाऱ्या मोफत साधनात पुरेशी वर्दळ असलेल्या स्थळांसाठी मागील 28 दिवसांतील खऱ्या भेटींची आकडेवारी मिळते. किमान 75 टक्के भेटींमध्ये पानावरील सर्वांत मोठा भाग 2.5 सेकंदांच्या आत दिसला, तर वेग चांगला मानला जातो.

बहुतेक वेळा हा सर्वांत मोठा भाग म्हणजे वरचे छायाचित्र असते. कळमना बाजारात संत्र्याच्या ढिगाचा फोटो फोनवर काढून तसाच चढवला, तर त्यात सुमारे 1 कोटी 20 लाख पिक्सेल असतात. मोबाइलच्या पडद्याला मात्र साधारण 1080 पिक्सेल रुंदी पुरते, म्हणजे एकूण 9 लाखांहूनही कमी. फोटो आधी लहान करावा आणि मग वेबपी या हलक्या चित्र-स्वरूपात साठवावा. केवळ स्वरूप बदलून आकार तोच ठेवणे हा अर्धवट उपाय आहे. वेग वाढवण्यासाठी म्हणून सगळ्याच चित्रांना लेझी लोडिंग (वाचक चित्राजवळ पोचल्यावरच ते मागवण्याची सोय) लावले जाते, तेही टाळावे, कारण त्यामुळे पहिलेच चित्र उशिरा मागवले जाते. ही सोय खालच्या चित्रांसाठी आहे.

मराठी पानांची खरी अडचण फॉन्टमध्ये असते आणि इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये तिचा उल्लेख क्वचितच आढळतो. जोडाक्षरांसाठी स्वतंत्र आकार लागत असल्याने देवनागरी फॉन्टची फाइल मोठी होते, त्यात हलका, साधा, मध्यम, ठळक असे चार प्रकार एकदम मागवले की मजकूर दिसायलाच उशीर होतो. न लागणारे भाग काढून फॉन्टची फाइल छाटताना मी स्वतः एक चूक केली आहे: वर्णमालेतील अक्षरे तेवढी ठेवली आणि जोडाक्षरे घडवणारे नियम वगळले. फाइल छान हलकी झाली, पण पानावर ‘संत्र्यांची’ हा शब्द ‘संत्‌र्‌यांची’ असा पाय मोडून उमटला, आणि दोन दिवस ग्राहकांना आपलाच फोन बिघडल्यासारखे वाटत राहिले. छाटणी केल्यावर त्र, ज्ञ, र्‍य, द्ध असलेली वाक्ये डोळ्यांनी वाचून पाहावीतच. फाइल डब्ल्यूओएफएफ-2 या वेबसाठीच्या आटोपशीर फॉन्ट-स्वरूपात ठेवावी आणि पानाच्या सीएसएस मांडणीत फॉन्ट-डिस्प्लेचे मूल्य ‘स्वॅप’ द्यावे, म्हणजे फॉन्ट येईपर्यंत फोनमधील अक्षरात मजकूर वाचता येतो. खास वळणाचा आग्रह नसेल, तर लांब मजकुराला वेगळा फॉन्ट देऊच नये असे माझे मत आहे. अँड्रॉइडमध्ये नोटो देवनागरी हा फॉन्ट असतोच.

सर्व्हरवरील संक्षेपण, म्हणजे मजकूर दाबून लहान करून पाठवण्याची सोय, बंद राहणेही मराठीला अधिक महाग पडते. अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते, त्यामुळे ‘संत्रा’ या शब्दाला 18 बाइट लागतात, तर इंग्रजी ‘ऑरेंज’च्या सहा अक्षरांना 6. देवनागरी चिन्हाच्या या तीन बाइटपैकी पहिल्या दोन जवळपास सारख्याच असल्याने जीझिप किंवा ब्रॉटली ही संक्षेपणाची पद्धत चालू केल्यास मराठी मजकूर चांगलाच आकसतो. होस्टिंगच्या नियंत्रण पटलावर ही सोय चालू आहे का, हे एकदा तपासावे.

ग्राहक विदर्भात आणि सर्व्हर अमेरिकेत असेल, तर प्रत्येक मागणी अर्ध्या जगाची फेरी मारून येते. मुंबईतील सर्व्हर घ्यावा किंवा सीडीएन (पानाच्या प्रती ग्राहकाजवळच्या सर्व्हरवरून देणारे जाळे) वापरावे. एकाच कामासाठी दोन कॅशे प्लगइन (तयार पान साठवून ठेवणारी जोड-साधने) बसवू नयेत, ते एकमेकांच्या आड येतात. चॅटची खिडकी, जाहिरातींसाठी माग ठेवणारे ‘पिक्सेल’ कोड, वर फिरणारे स्लायडर यांपैकी एकेक बंद करून पान पुन्हा मोजावे. एका वेळी एकच बदल करून आकडा तारखेसह वहीत लिहावा, कारण पाच बदल एकत्र केले आणि पान बिघडले, तर दोष कोणत्या बदलाचा हे शोधण्यातच दिवस जातो, आणि संत्र्याच्या आंबिया बहाराच्या ऐन हंगामात तेवढा वेळ कोणाकडेच नसतो.