टेराहर्ट्झ रेझोनेटरचे ट्यूनिंग : प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांसाठी

आमच्या गटात नव्याने आलेला विद्यार्थी बहुधा पहिल्याच आठवड्यात विचारतो, की रेझोनेटरची (ठरावीक वारंवारतांनाच जोरात प्रतिसाद देणाऱ्या घटकाची) अनुनादी वारंवारता हवी तिथे न्यायची कशी. माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. आपण हातही न लावता ती का सरकते, हे आधी समजून घ्यावे लागते, कारण ती सरकवणाऱ्या गोष्टींनाच पुढे आपण कामाला लावतो.

उदाहरणादाखल उच्च रोधकतेच्या फ्लोट-झोन (अतिशुद्ध) सिलिकॉनचा 4 मिलिमीटर व्यासाचा गोळा घेऊ. विजापूरच्या गोल घुमटात भिंतीलगतची कुजबुज जशी वळसा घालून पलीकडे ऐकू येते, तसे टेराहर्ट्झ तरंग (सेकंदाला लाख कोटींच्या घरात कंपने असलेले) या गोळ्याच्या पृष्ठभागालगत आतल्या आत फिरतात आणि एका फेरीत पूर्णांकी तरंगलांब्या बसल्या, की अनुनाद होतो. अपवर्तनांक 3.42 धरला तर लागोपाठच्या दोन अनुनादांत सुमारे 7 गिगाहर्ट्झचे अंतर पडते. 0.5 टेराहर्ट्झला क्यू (वारंवारता भागिले अनुनादाची रुंदी) 10,000 असेल, तर एका अनुनादाची रुंदी 50 मेगाहर्ट्झ येते. हे दोन्ही आकडे स्वतः कागदावर काढावेत, कारण पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावर चालतो.

सिलिकॉनचा अपवर्तनांक तापमानाबरोबर अंशाला साधारण 0.00018 एवढा वाढतो, त्यामुळे 0.5 टेराहर्ट्झजवळचा अनुनाद दर अंशाला 25 ते 30 मेगाहर्ट्झ खाली उतरतो. प्रसरणाचा वाटा त्यात अगदीच किरकोळ असतो. म्हणजे खोलीचा एसी चालू-बंद होताना गोळ्याचे तापमान दोन अंशांनी हलले, तरी आलेखातली खाच (अनुनादाच्या जागी संकेतात पडणारा खड्डा) स्वतःच्या रुंदीएवढी बाजूला जाते. म्हणून पेल्टिए (विजेवर गरम-थंड करणारा घटक) आणि थर्मिस्टर (तापमान मोजणारा संवेदक) ही जोडी पहिल्या दिवसापासून लावावी, आणि थर्मिस्टर धारकाच्या टोकाला न बसवता गोळ्याच्या शक्य तितक्या जवळ बसवावा.

उष्णतेच्या बळावर दोन अनुनादांमधले सगळे अंतर कापता येईल, अशी आशा मात्र बाळगू नये. त्यासाठी अडीचशेहून अधिक अंश लागतील, आणि 100 अंश सेल्सिअसच्या पुढे सिलिकॉनमधले मुक्त विद्युतभार झपाट्याने वाढून क्यू ढासळू लागतो. ढोबळ स्थान घडणीतच ठरते. व्यासात एका मायक्रोमीटरचा फरक पडला, की अनुनाद जवळजवळ 125 मेगाहर्ट्झने हलतो, म्हणून मी विद्यार्थ्यांना एकाच मापाचे अनेक गोळे मागवून त्यांतून निवड करायला सांगतो. कंटाळवाणे काम आहे, पण पर्याय स्वस्त नाही.

दुसरे साधन म्हणजे गोळा आणि जवळची वस्तू यांच्यातली फट. गोळ्याबाहेरचे क्षेत्र काही दहा मायक्रोमीटरमध्येच विरून जाते. तेवढ्या अंतरात पीझो स्टेजने (विजेवर अगदी सूक्ष्म सरकणाऱ्या मंचाने) एखादी अवैद्युत (वीज न वाहणारी) पट्टी जवळ आणली, तर वारंवारता खाली येते. तरंगवाहक (गोळ्यापर्यंत तरंग आणणारी वाट) जवळ आणल्यानेही हेच घडते, मात्र त्याबरोबर युग्मन (दोघांमधली ऊर्जेची देवाणघेवाण) वाढते आणि खाच रुंदावते. ती सर्वांत खोल होते तो क्रांतिक युग्मनाचा बिंदू. त्याच्या अलीकडे आहोत की पलीकडे, हे नुसत्या तीव्रतेच्या आलेखावरून सांगता येत नाही. दोन लेझरच्या मिश्रणातून संकेत निर्माण करून तो सुसंगत पद्धतीने टिपणाऱ्या यंत्रणेत कला (फेज, म्हणजे तरंगचक्रातला टप्पा) मोजता येते, तिचाच आधार घ्यावा. नवे लोक तीव्रता पाहून समाधान मानतात आणि कलेची फाइल उघडतही नाहीत, हे मला अजूनही खटकते.

आलेखातली प्रत्येक लाट रेझोनेटरची नसते. उत्सर्जक आणि ग्राहक यांच्यात 15 सेंटिमीटर अंतर असेल, तर स्थिर तरंगांमुळे दर 1 गिगाहर्ट्झला एक चढउतार दिसतो. गोळा बाजूला करून संदर्भ मोजणी घेतली, की तो ओळखू येतो. मात्र ही मोजणी त्याच तासात घ्यावी.

बाष्पाच्या 557 आणि 752 गिगाहर्ट्झजवळच्या शोषणरेषा वातावरणीय दाबाला काही गिगाहर्ट्झ रुंद असतात, आणि मुंबईच्या पावसाळ्यात त्यांच्या आसपासचा संकेत बराचसा गिळला जातो. तिथे काम करायचे असेल, तर मार्ग बंदिस्त करून कोरडा नायट्रोजन सोडावा. पण नायट्रोजन सोडण्याआधी उघड्या हवेतला एक स्कॅन नोंदवून ठेवावा, कारण रेषांचे मध्य ज्ञात असल्यामुळे लेझरच्या तापमानावरून काढलेली वारंवारतेची मोजपट्टी किती घसरली आहे, हे त्यावरून पडताळता येते.