पावसाळ्यात परसातील कोंबड्यांच्या पिल्लांची अन्नपिशवी तुंबल्यास

मिरग लागल्यापासून भातकापणीपर्यंत कोकणातील परसात पिल्लांच्या पचनाच्या तक्रारी वाढतात आणि त्यांतील बऱ्याच तक्रारी अन्नपिशवीत, म्हणजे मानेच्या पायथ्याशी छातीच्या किंचित उजवीकडे असलेल्या पिशवीत, सुरू होतात. टिपलेले दाणे आधी येथे साठून भिजतात व मग पेट्यात, म्हणजे दाणे दळणाऱ्या जाड स्नायूंच्या जठरात, दळले जातात. सायंकाळी ही पिशवी भरलेली असणे स्वाभाविक आहे. म्हणून तपासणी पहाटे, खुराडे उघडण्यापूर्वी आणि दाणे टाकण्यापूर्वी करावी. त्या वेळी ती रिकामी, सैल लागली पाहिजे.

पिल्लू हातात धरून दोन बोटांनी पिशवी चाचपावी. मळलेल्या कणकेसारखा किंवा दगडासारखा गोळा लागला, तर आत गवत, पेंढा किंवा काथ्या अडकला आहे असे समजावे. पाणी भरलेल्या फुग्यासारखी लिबलिबीत लागली आणि चोचीला आंबूस वास आला, तर आतले अन्न आंबून बुरशी वाढली आहे. अशा वेळी तोंडात पांढरट चट्टेही दिसू शकतात. या दोन्हींचे उपचार वेगळे असल्यामुळे बोटांचा निर्णय झाल्याशिवाय काहीही पाजू नये.

गोळा घट्ट असेल, तर कोमट केलेले खोबरेल तेल ड्रॉपरने चोचीच्या कडेला थेंबाथेंबाने सोडावे. महिन्याच्या पिल्लाला चार-पाच थेंब आणि तलंगेला, म्हणजे अंड्यावर येण्याच्या बेतातील तरुण कोंबडीला, अर्धा चमचा पुरेसे होते. त्यानंतर पाच मिनिटे हलक्या हाताने पिशवी चोळावी व दिवसातून तीन-चार वेळा हेच करावे. तलंगेचे दाणे बारा तास बंद ठेवता येतात, परंतु लहान पिल्लाला तीन-चार तासांपेक्षा अधिक उपाशी ठेवू नये, आणि पाणी कोणाचेच तोडू नये. पिल्लाला उलटे धरून ओकवण्याची पद्धत अजून पुष्कळ घरांत चालते. त्यात आतले पाणी श्वासनलिकेत शिरून पिल्लू हातातच दगावते, म्हणून ती सोडून द्यावी.

आंबलेल्या पिशवीसाठी २ लिटर पाण्यात १ ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), प्लास्टिकच्या भांड्यात, पशुवैद्यकाला विचारून तीन दिवस देता येते. सुपारीच्या बागायतदारांकडे बोर्डो मिश्रणासाठी, म्हणजे मोरचूद व चुन्याच्या बुरशीनाशक फवारणीसाठी, मोरचूद घरात असतेच, आणि नेमका तेथेच धोका आहे: फवारणीच्या १ टक्का मिश्रणात मोरचुदाचे प्रमाण या पाण्याच्या वीसपट असते. चिमटीने अंदाज न करता ते वजन करूनच घ्यावे. प्रतिजैविकाचा कोर्स नुकताच झाला असेल, तर तेही पशुवैद्यकाला सांगावे, कारण त्यानंतर ही बुरशी फोफावते.

मागच्या श्रावणात आमच्या एका तलंगेच्या पिशवीत सुंभाचा बोटभर गुंता निघाला. नारळ सोलण्याची जागा खुराड्याला लागूनच होती. तेव्हापासून काथ्या व कापलेले लांब गवत पिल्लांच्या वावरात पडू देत नाही आणि हिरवा पाला बारीक चिरूनच टाकतो. रात्रीचा उरलेला भात सकाळी आंबलेला असतो, तो घालू नये. ओलसर कणीला बुरशीचा वास आला, तर ती उन्हात वाळवून वापरण्याचा मोह टाळावा, कारण बुरशीचे विष वाळवल्याने जात नाही.

पेट्याला दळणासाठी खडे लागतात. त्यासाठी नदीची जाड वाळू धुऊन द्यावी. किनाऱ्याची खारी वाळू आणि खारवलेले सुके मासे पिल्लांना बाधतात. शिंपल्यांचा चुरा खड्यांचे काम करीत नाही, कारण तो पोटातच विरघळतो. अंड्यावर न आलेल्या तलंगेच्या मूत्रपिंडावर त्यातील चुन्याचा भार पडतो, तो वेगळाच.

पिशवी भरलेली असून हिरवी हगवण, लुळे पंख किंवा वाकडी मान दिसली, तर तेल-मोरचुदात वेळ न घालवता पिल्लू वेगळे करून राणीखेत या संसर्गजन्य रोगाच्या शंकेने पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. घट्ट गोळा दोन दिवसांत उतरला नाही, तरीही तेथेच जावे. पिशवी चिरून गुंता काढण्याचे काम घरच्या ब्लेडने करू नये.