गेटकीपरमध्ये बँडविड्थ दुप्पट धरावी
फोर्टमधील मुख्य कार्यालय आणि अंधेरीची शाखा एच.३२३ (नेटवर्कवरून आवाज व चित्र नेण्याची प्रमाणित पद्धत) व्हिडिओ कॉलने जोडताना सिस्को गेटकीपरमध्ये (कॉलना परवानगी देणाऱ्या यंत्रणेत) दोन झोनमधील, म्हणजे कार्यालयांच्या दोन विभागांमधील, बँडविड्थची (लाइनच्या वहनक्षमतेची) मर्यादा घालावयाची असेल, तर गेटकीपर प्रत्येक कॉलच्या दोन्ही दिशा मोजतो हे ध्यानात घ्यावे. म्हणजे ३८४ केबीपीएसचा (किलोबिट प्रति सेकंद) व्हिडिओ कॉल त्याच्या हिशेबी ७६८ आणि ६४ केबीपीएसचा आवाजी कॉल १२८ होतो. हे न जाणता आकडा घातल्यास लाइनमध्ये जागा असूनही कॉल नाकारले जातात, आणि बोल मात्र बिचाऱ्या लाइनला लागतो. फायरवॉलमध्ये गेटकीपरकडील नोंदणीसाठी यूडीपी १७१९ आणि कॉल जुळवण्यासाठी टीसीपी १७२० हे पोर्ट (नेटवर्कची क्रमांकित दारे) खुले ठेवावेत. आवाज व चित्राचे पोर्ट दर कॉलला बदलतात. त्यांच्यासाठी मोठा पट्टा उघडण्यापेक्षा ती वाहतूक प्रॉक्सीमार्फत (मधल्या सर्व्हरमार्फत) नेणे मला अधिक सुरक्षित वाटते.