वाळलेलं झाड जळणात जाऊ देऊ नका

झाड पाडायला आलेली माणसं बुंध्याचे दीड-दीड फुटाचे तुकडे करतात. त्यांचं चुकत नाही. टेम्पोत हाताने चढवायचं तर तेवढाच तुकडा उचलवतो. पण दीड फुटाच्या तुकड्याची पुढची वाट जळणाचीच. म्हणून ओंडका किती लांब ठेवायचा हे झाड उभं असतानाच ठरवा आणि बुंध्यावर पांढऱ्या रंगाने खुणा करून ठेवा. पुण्यात २४ वर्षं सुतारकाम करतोय. या एका चुकीने जेवढं चांगलं लाकूड चुलीत गेलेलं पाहिलं, तेवढं वाळवीनेही खाल्लेलं नाही.

आधी झाड खरंच मेलंय का ते बघा. आपल्याकडचा पर्जन्यवृक्ष, ज्याला कोणी विलायती शिरीष म्हणतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं गाळतो आणि घाबरलेली मंडळी लगेच झाड तोडायचा अर्ज करतात. नखाने किंवा चाकूने बारीक फांदीची साल खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. चार-पाच ठिकाणी, बुंध्यापाशीसुद्धा, तपकिरी आणि कोरडंच निघालं तर मात्र गेलं. मग हातोडीने बुंधा ठोकत वर जा. भरीव लाकूड ठणठणीत वाजतं, पोकळ असेल तर ढबढब आवाज येतो. मुळापाशी कडक अळंबीचे थर दिसले तर तळाचे दोन-तीन फूट सडलेले आहेत असं धरूनच हिशोब करा.

मेलेलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा शहरातल्या सोसायटीच्या आवारालाही लागू आहे. अर्ज महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांकडे करायचा. त्याच अर्जात लिहा की लाकूड आम्हाला हवं आहे आणि बुंधा अमुक लांबीत कापायचा आहे. तोडणाऱ्या ठेकेदाराशीही हे आधीच, कागदावर ठरवा. रस्त्यावरच्या झाडाचं लाकूड तुमचं नसतं, ते विचारूनच घ्यायचं. साग, चंदन, खैर असेल तर वनविभागाला विचारल्याशिवाय एक फांदीही हलवू नका.

सगळीच झाडं सारखी नाहीत. पर्जन्यवृक्षाचा गाभा चॉकलेटी, कडेचा भाग पिवळट. वाळताना तो फारसा दगा देत नाही, टेबलाला आणि बाकाला उत्तम. कडुनिंब जड, टिकाऊ, पण भुशाने नाक-घसा चुरचुरतो, तोंडाला मास्क बांधा. फणस तर सोनंच. आंबा चांगला, पण त्याला वेळ नसतो. पाडल्यापासून आठवड्याभरात चिरला नाही तर निळसर काळा पडतो आणि किडा लागतो. गुलमोहरावर मी मेहनत घेत नाही.

लांबी ठरवताना आठ फुटी फळी हवी असेल तर ओंडका साडेआठ फूट ठेवा. टोकं तडकतात, ती नंतर छाटायची. लाकूडबाजारातला हिशोब असा: घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. घेर ६ फूट असेल तर चौथा भाग दीड, वर्ग सव्वादोन, आठ फुटाने गुणलं की १८ घनफूट. असा ओला ओंडका अर्ध्या टनाच्या आसपास भरतो, तेव्हा क्रेन किंवा चेनपुली आधी सांगून ठेवा. पाडायचं काम दोर लावणाऱ्या सरावाच्या माणसांचंच. आपण लांब उभं राहायचं.

शहरातल्या झाडात लोखंड असतंच. क्लासच्या पाट्या, दिव्यांच्या माळा, कपडे वाळत घालायची तार, सगळ्याचे खिळे झाड पोटात घेतं. एका शाळेबाहेरचा पर्जन्यवृक्ष मी लाकूड चिरायच्या मिलमध्ये नेला होता. बाहेरून साल स्वच्छ. तिसऱ्या फळीला पातं खाडकन वाजलं आणि दात उडाले. फळी उलटली तर चार इंच आत बोटभर खिळा, आणि त्याच्या वरखाली वीतभर शाईसारखा काळा-निळा डाग. पात्याचे पैसे मी भरले. तेव्हापासून मेटल डिटेक्टर भाड्याने आणून सगळा ओंडका तपासतो. कापलेल्या टोकावर असा काळा डाग दिसला की समजायचं, त्या रेषेत कुठेतरी लोखंड आहे. जमिनीपासून माणसाच्या हाताच्या उंचीपर्यंत धोका जास्त. मिलवाल्या दादांना झाड कुठलं, कुठे उभं होतं ते खरं सांगा. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये विचारलंत तर शहरातलं झाड म्हटल्यावर काहीजण नाहीच म्हणतील. तपासून आणलंय म्हटलं की एखादा तयार होतो.

इंचाची तयार फळी हवी तर सव्वा इंच चिरून घ्या, वाळून आणि रंधा मारून तेवढी उरते. बुंध्याच्या मधोमध जो नाजूक ठिपका असतो तो फळीच्या मध्ये येऊ देऊ नका, तिथूनच चीर जाते.

त्याच दिवशी, संध्याकाळ व्हायच्या आत, फळ्यांच्या दोन्ही टोकांना जुना ऑइलपेंट किंवा वितळवलेलं मेण लावा. किड्यासाठी १० लिटर कोमट पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून चारही बाजूंनी ब्रशने भरपूर पाजा, कडेच्या पांढऱ्या भागाला दोनदा. हातात मोजे घाला, पोरांना लांब ठेवा. हे औषध पावसाने धुऊन जातं, म्हणून घरातल्या कामालाच.

फळ्या रचताना जमिनीपासून वीतभर वर सपाट बैठक करा. प्रत्येक थरात दीड-दीड फुटावर इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या, आणि वरच्या पट्ट्या खालच्या पट्ट्यांच्या बरोबर डोक्यावर. यात आळस केला की फळी पिळते, आणि पिळलेली फळी मग सरळ होत नाही. वर पत्रा आणि वजन. बाजूंनी वारा खेळू द्या, ताडपत्रीने गुंडाळू नका.

जाडीच्या दर इंचाला वाळायला एक वर्ष, हा जुना अंदाज आहे, पण मी वजनावर जातो. एक छोटा तुकडा थप्पीतच ठेवायचा आणि आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचा. नेमकं हवं असेल तर तसाच दुसरा तुकडा फळीच्या मधल्या भागातून कापा, तोला, आणि ओव्हनमध्ये १०० अंशांच्या थोडं वर, वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. ४८० ग्रॅमचा ४०० झाला तर ८० भागिले ४००, म्हणजे २० टक्के ओलावा. घरातल्या टेबलाला १२ च्या आसपास हवा. पुण्यात एप्रिल-मेमध्ये तो सहज उतरतो, जुलैत परत चढतो. म्हणून जोडकाम मी मेच्या आत उरकतो आणि टेबलाचा माथा खालच्या चौकटीला पक्का चिकटवत नाही. स्क्रूची भोकं लांबट ठेवतो, म्हणजे पावसाळ्यात दहा इंची फळी दोनेक मिलिमीटर फुगली तरी तिला सरकायला जागा राहते.