प्रोजेक्ट स्वतःचा राहावा म्हणून आधी करून ठेवायची तयारी

प्रोजेक्टमधली चोरी बहुतेक वेळा शेवटच्या पंधरवड्यात होते. वर्षभर नीट वागलेली पोरंसुद्धा तेव्हा सीनियरकडून जुना रिपोर्ट मागून घेतात. गाईड रोज विचारत असतात, बाइंडिंगवाला तारीख देत नाही आणि अर्धं सॉफ्टवेअर अजून उभंच राहिलेलं नसतं. म्हणून ज्यांचा फायनल इयरचा प्रोजेक्ट यंदा सुरू होतोय त्यांच्यासाठी ही तयारी लिहून ठेवतोय. त्यात बेळगाव, खानापूर, निपाणीची मुलं आहेत, चंदगडहून रोज बसने येणारी आहेत. यातली बरीच दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली आणि आता त्यांना शंभर पानं इंग्रजीत लिहायची आहेत. कॉलेजात नियोजन एका विषयात शिकवतात आणि सचोटी दुसऱ्या विषयात. माझ्या मते दोन्हींची तयारी एकच आहे.

विषय ठरायच्या आधी नियम वाचा. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे विद्यार्थी असाल, म्हणजे तुमचा यूएसएन (विद्यापीठाचा विद्यार्थी क्रमांक) बेळगाव विभागाच्या 2 ने सुरू होत असेल, तर तुमच्या स्कीममध्ये, म्हणजे तुमच्या तुकडीला लागू असलेल्या अभ्यासक्रमात, प्रोजेक्टचे टप्पे कोणते, अंतर्गत गुण किती आणि व्हायवाचे (तोंडी परीक्षेचे) किती, हे छापलेलं असतं. बीसीए-एमसीएवाल्यांनी राणी चन्नम्मा विद्यापीठाचा अभ्यासक्रम काढून बघावा. सीनियर सांगतात ते त्यांच्या स्कीमचं असतं. त्याच बैठकीत विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्यावरचे 2018 चे नियमही वाचून घ्या. त्यात पायऱ्या आहेत. 10 टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. 10 ते 40 टक्के असेल तर ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून द्यायचं. 40 ते 60 असेल तर वर्षभर सुधारित प्रतही देता येत नाही. 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. आता एक बारकावा, जो बऱ्याच जणांना ठाऊक नसतो: हे नियम प्रबंध, शोधनिबंध, पुस्तकं यांच्यासाठी आहेत. असाइनमेंट आणि प्रोजेक्ट रिपोर्ट त्यांच्या व्याख्येतून वगळले आहेत. म्हणजे सूट मिळाली असं समजू नका. तुमच्या रिपोर्टला कॉलेज आणि विभाग ठरवेल तीच मर्यादा लागू, आणि ती याहून कडकही असू शकते. गाईडना विचारा आणि उत्तर वहीत लिहून घ्या.

मग टीम. चौघं असाल तर बोलायच्या वाटा सहा होतात, सहा जण असाल तर पंधरा. आयबीएममध्ये सिस्टीम 360 च्या सॉफ्टवेअरचं काम सांभाळलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी 1975 मध्ये मांडलं होतं, की उशीर झालेल्या प्रोजेक्टवर आणखी माणसं घातली तर तो आणखी लांबतो. एप्रिलमध्ये 'माझा मित्र चांगला कोड लिहितो, त्याला घेऊ की' असं कुणी म्हटलं तर हे आठवा. शिवाय तो मित्र टीमबाहेरचा असेल, तर त्याचं काम तुमच्या नावावर जाणं हीसुद्धा चोरीच. पहिल्याच दिवशी कोण काय करणार हे कागदावर लिहून चौघांनी सह्या करा. कुणाला प्रोग्रॅमिंग जमत नसेल तर ते तेव्हाच मोकळेपणाने सांगू द्या. टेस्टिंग, डेटा गोळा करणं, डिझाइन, लिखाण हीही खरी कामं आहेत आणि त्यांचेही गुण असतात. चौघांतल्या एकानेच सगळं करायचं आणि तिघांनी नाव लावायचं, हे इतकं सर्रास चालतं की त्यात कुणाला काही वावगं वाटेनासं झालंय. मला मात्र वाटतं.

विषय निवडताना असा घ्या की ज्याची माहिती तुम्हाला चालत जाऊन आणता येईल. हॉस्पिटल मॅनेजमेंट, लायब्ररी मॅनेजमेंट या विषयांचे तयार रिपोर्ट नेटवर ढिगाने पडलेत, म्हणून तिथे हात घसरतो. याउलट आमच्याकडच्या चौघांनी उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीचं (धातू ओतायच्या कारखान्याचं) रिजेक्शन रजिस्टर घेतलं होतं. कुठल्या हीटची, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूची, किती कास्टिंगं (ओतीव भाग) बाद झाली, कारण ब्लो होल (वायूमुळे पडलेलं भोक) की कोल्ड शट (धातू नीट न जुळताच थंड झालेला) की साच्यातली वाळू सांडली, हे सुपरवायझर निळ्या पेनने लिहायचे. तीन पाळ्यांत तीन जणांची अक्षरं, एकाचं 'बी.एच.' तर दुसऱ्याचं नुसतं 'होल'. ते सगळं एका यादीत बसवायचं हाच निम्मा प्रोजेक्ट झाला, आणि ती यादी जगात दुसऱ्या कुणाकडे नव्हती. मग उचलणार कुठून? शहापूरच्या मागवाल्यांचा सुताचा हिशेब असेल, निपाणीच्या तंबाखू वखारीतली आवक-जावक असेल, गावच्या दूध डेअरीची फॅटची नोंद असेल. असे विषय दाराशी आहेत. मात्र मालकाची परवानगी लेखी घ्या. काय बघणार, कशासाठी वापरणार, काम संपल्यावर काय करणार, हे चार ओळींत लिहा आणि त्यांची सही घ्या. कामगारांची किंवा शेतकऱ्यांची नावं, फोन नंबर लागत नसतील तर उतरवूच नका. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झालाय, पण कायदा नसता तरी ती माणसं आपल्यावर विश्वास ठेवून रजिस्टर देतात हे विसरू नये.

वेळापत्रक करताना आधी कॅलेंडरवर न होणारे दिवस खोडा. इंटर्नल्स, लॅब परीक्षा, प्लेसमेंटचे दिवस. सत्र पावसाळ्यात असेल तर खानापूर भागातल्या मुलांच्या घरी वीज कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे त्यांच्यावर रात्रीचं काम टाकू नका. गणपतीचे दिवस काढा. विसर्जनाची मिरवणूक आपल्याकडे दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, तेव्हा त्याच्या पुढचा दिवसही काढा. दिवाळी काढा. 1 नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, शहरात मीटिंग ठेवू नका. सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा हलग्याकडून येणाऱ्यांचा वेळ रस्त्यातच जातो, हेही धरा. हे सगळं खोडल्यावर उरतात तेच तुमचे दिवस, आणि ते मनात धरलेल्यापेक्षा बरेच कमी निघतात.

उरलेल्या दिवसांत काम बसवताना अंदाज एका आकड्यात देऊ नका. अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामात 1958 च्या सुमारास पर्ट ही पद्धत आली, ती तुमच्या पुस्तकातही आहे. परीक्षेपुरती पाठ करून सोडू नका, वापरा. सगळं सुरळीत गेलं तर किती दिवस, साधारण किती, आणि सगळं बिघडलं तर किती, असे तीन आकडे घ्या. साधारण आकड्याला चारने गुणा, त्यात बाकीचे दोन मिळवा, सहाने भागा. फौंड्रीची रजिस्टरं टाइप करायला दोन दिवस, साधारण चार, फारच वाईट झालं तर बारा. तर हिशेब पाच दिवसांचा येतो. मुलं चार लिहितात आणि तिथूनच घसरण सुरू होते. प्रत्येक टप्प्यामागे थोडी मोकळी जागा ठेवा आणि रिपोर्टचं लिखाण शेवटाला ढकलू नका. काय बांधायचं याचं गरजांचं दस्तऐवज, म्हणजे एसआरएस, आधी पुरं करा आणि मालकाला मराठीत वाचून दाखवा. 'कास्टिंगचा फोटो पण लागेल की' हे त्यांनी त्याच दिवशी सांगितलेलं बरं.

पहिल्या ओळीपासून कोड गिटमध्ये ठेवा, म्हणजे कुठला बदल कुणी, कधी केला याची नोंद राहते. लिनस टॉरवाल्ड्सनी 2005 मध्ये लिनक्सच्या कामासाठी बनवलेलं हे साधन आज तुमच्या कामाचा साक्षीदार आहे. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर त्याचंच नाव आणि ईमेल भरलंय ना हे आधी बघा. लॅबच्या एकाच मशीनवर सगळे बसले तर चौघांचं काम एकाच्या नावाने चढतं आणि नंतर गाईडना समजावत बसावं लागतं. दोघांनी मिळून लिहिलं असेल तर कमिटच्या (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशाशेवटी 'को-ऑथर्ड-बाय' ओळ घालून दुसऱ्याचं नाव द्या. कमिट छोटे करा, त्यांचा संदेश कळेल असा लिहा. पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या (की) त्यात जाऊ देऊ नका. सहा महिन्यांत पसरलेले कमिट आणि व्हायवाच्या आदल्या रात्री एका दमात चढवलेला सगळा कोड, यातला फरक बघणाऱ्याला लगेच कळतो.

दुसऱ्याचा कोड घेणं हा गुन्हा नाही. न सांगता घेणं आणि परवाना न बघता घेणं हा आहे. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर एखाद्या प्रोजेक्टला परवान्याची फाइलच नसेल तर तो कोड दिसत असला तरी कॉपी करायची मोकळीक मिळालेली नाही. एमआयटी परवाना असेल तर वापरा, पण मूळ कॉपीराइटची ओळ तशीच राहू द्या. जीपीएल असेल आणि तुम्ही सॉफ्टवेअर दुसऱ्याला देणार असाल, तर तुमचा कोडही त्याच अटीवर खुला करावा लागतो, आणि हे फौंड्रीच्या मालकाला आधी माहीत हवं. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरची उत्तरंही श्रेय द्यायच्या अटीवर दिलेली असतात. जिथे उत्तर वापरलं तिथेच कॉमेंटमध्ये दुवा टाका, दोन मिनिटांचं काम आहे. आणि व्हेरिएबलची नावं बदलली की सुटलो, या भ्रमात राहू नका. मॉस नावाची प्रणाली 1994 पासून कोडमधलं साम्य शोधतेय. ती नावांकडे आणि मोकळ्या जागांकडे बघत नाही, रचना बघते.

आता लिखाण, जिथे आपल्या मुलांचं सगळ्यात जास्त अडतं. 'सर, आमचं इंग्लिश वीक आहे' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. ते खरंही असतं, आणि परिच्छेद उचलण्यामागचं खरं कारणही बहुतेक तेच असतं. आळस क्वचितच असतो. त्यावर माझ्याकडे एकच पद्धत आहे. स्रोत वाचा, बंद करा, आणि समजलं ते मराठीत वहीत लिहा, शेजारच्या मावशीला सांगावं तसं. लिहिता आलं नाही तर समजलेलं नाही, परत वाचा. मग त्या मराठीवरून साध्या, छोट्या वाक्यांचं इंग्रजी करा. 'सुपरवायझर रजिस्टरमध्ये नोंद करतो. नोंदीत पाच रकाने असतात. आमचं सॉफ्टवेअर तेच पाच रकाने दाखवतं.' एवढ्या साध्या इंग्रजीला कुणी गुण कापत नाही. चुका मित्राकडून किंवा व्याकरण तपासणाऱ्या साधनाकडून काढून घ्या, पण वाक्य तुमचं राहू द्या. याच वहीत प्रत्येक नोंदीसमोर स्रोत लिहा: लेखक, वर्ष, पान, दुवा. शब्द जसेच्या तसे घेतले असतील तर तिथेच अवतरणचिन्हं घाला. महिन्याभराने आपलं वाक्य कुठलं आणि त्यांचं कुठलं हे आठवत नाही. शब्द आपले असले तरी कल्पना दुसऱ्याची असेल तर श्रेय द्यावंच लागतं. मराठीतून फिरवून आणलं म्हणून ती आपली होत नाही.

वाक्यं आपोआप बदलून देणाऱ्या साइट्सपासून लांब राहा. 2021 मध्ये काही संशोधकांनी छापून आलेल्या निबंधांत 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस' असले शब्द दाखवून दिले. यंत्राने प्रतिशब्द कोंबले होते आणि लेखकांनी वाचलंही नव्हतं. चॅटजीपीटीसारख्या साधनांबद्दल गाईडचा नियम आधी विचारा. परवानगी असेल तर कुठे वापरलं हे रिपोर्टमध्ये लिहा आणि काय विचारलं, काय घेतलं याची नोंद ठेवा. ही साधनं अस्तित्वात नसलेले निबंधही खऱ्यासारखे सांगतात, तेव्हा त्यांनी दिलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघा. त्यांनी दिलेल्या कोडमधली एखादी ओळ कशासाठी आहे हे सांगता येत नसेल, तर ती ओळ ठेवू नका.

साम्याची तपासणी कॉलेजच्या ग्रंथालयातून करून घ्या, आणि ती पहिल्या तीन प्रकरणांवरच, वेळ हातात असताना. नेटवरच्या कुठल्याही फुकट साइटवर रिपोर्ट चढवू नका, तो पुढे कुठे जाईल याचा भरवसा नसतो. आकड्यापेक्षा रंगवलेल्या ओळी वाचा. संदर्भसूची आणि ठरीव व्याख्यांमुळे आकडा वाढला असेल तर घाबरायचं कारण नाही. एकच सलग परिच्छेद रंगला असेल तर आकडा लहान असूनही तो परत लिहावा लागेल. मार्जिन, फाँट, बाइंडिंगचा रंग हे विभागाच्या नमुन्याप्रमाणे. डिक्लरेशनवर सही करण्यापूर्वी चौघांनीही पूर्ण रिपोर्ट वाचलेला असावा, कारण त्या पानावर 'हे काम आमचं आहे' असं चौघंही लिहून देतात.

शहरात पैसे घेऊन तयार प्रोजेक्ट देणारे आहेत. घरून कुणी उसने पैसे काढून ते विकत आणायचा विचार करत असेल, तर आधी गाईडना भेटा आणि विषय लहान करून मागा. चार मॉड्यूलऐवजी दोन, पण चालणारी. बहुतेक गाईड हो म्हणतात.

व्हायवासाठी प्रत्येकाने दुसऱ्याचा भागही समजावता येईल इतका समजून घ्या. दुसऱ्या लॅपटॉपवर सगळं चालवून बघा, नेट नसेल तर म्हणून डेमोचा व्हिडिओ काढून ठेवा. काय जमलं नाही तेही सांगा. ब्लो होल आणि वाळूचा दोष फोटोवरून ओळखता आला नाही, असं फौंड्रीवाल्या मुलांनी सरळ सांगितलं आणि परीक्षकांनी त्यावरच सगळ्यात जास्त वेळ बोलून घेतलं. निकाल लागला की मालकाकडे जा. रजिस्टरं परत करा, सॉफ्टवेअर आणि त्याच्या परवान्यांची यादी द्या, चौघांच्याही लॅपटॉपवरचा त्यांचा डेटा पुसा आणि पुसल्याचं त्याच परवानगीच्या कागदावर लिहून त्यांची सही घ्या.