हायडा स्कॅनला येताय? आधी या चुका टाळा

हायडा स्कॅनमध्ये पित्ताचा प्रवास तासभर टिपला जातो. टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य जोडलेलं मेब्रोफेनिन नावाचं औषध शिरेतून दिलं की यकृत ते रक्तातून उचलतं, पित्तात सोडतं आणि त्यातून निघणारे किरण टिपणारा गामा कॅमेरा त्याचा माग काढतो: यकृत, पित्तनलिका, पित्ताशय, लहान आतडं. तासाभरात पित्ताशय दिसलं नाही, तर त्याची नळी तुंबल्याची शंका येते. पण तयारी चुकली तरीही ते दिसत नाही. या विभागात तंत्रज्ञ म्हणून काम करताना याच चुका पुन्हा पुन्हा बघते, म्हणून लिहितेय.

‘फक्त अर्धा कप चहा घेतला’

चहातलं दूध, बिस्किटातलं तूप आतड्यात पोचलं की पित्ताशय आवळतं. आवळलेल्या पिशवीत नवं पित्त शिरत नाही. आम्ही किमान ४ तास, शक्यतो ६ तास उपाशी यायला सांगतो. साधं पाणी चालतं. चहा घेतलाच असेल तर सांगून टाका. वेळ पुढे ढकलू. लपवलंत तर चुकीचा रिपोर्ट तुमच्याच फाइलला लागेल.

गरजेपेक्षा जास्त उपाशी राहणं

हे फार कमी लोकांना माहीत असतं, आणि माझा सगळ्यात जास्त जीव इथेच जळतो. २४ तासांहून जास्त काळ पोटात काही गेलं नाही, तर पित्ताशय दाट पित्ताने आधीच भरलेलं असतं. औषध मग आत जाणार कुठे?

एक गृहस्थ दुसरीकडे केलेला स्कॅन घेऊन आमच्याकडे आले. रिपोर्टमध्ये पित्ताशय दिसत नव्हतं आणि पित्ताशय काढायच्या ऑपरेशनचं बोलणं सुरू होतं. मी सवयीने त्यांच्या पत्नीला विचारलं, शेवटचं जेवण कधी झालं होतं? ‘ताई, स्कॅन झाला तो ॲडमिट झाल्यापासूनचा चौथा दिवस. तोपर्यंत नुसतं सलाइनच होतं.’ हे स्कॅनच्या चिठ्ठीवर कुणीच लिहिलेलं नव्हतं. आमच्या डॉक्टरांनी सर्जनशी बोलून त्यांना आधी स्निग्ध खाणं द्यायला लावलं, मग ठरलेले तास उपाशी ठेवून स्कॅन पुन्हा केला. पित्ताशय अर्ध्या तासात स्वच्छ दिसलं. पुढे एंडोस्कोपीत दुखण्याचं मूळ जठरातल्या अल्सरमध्ये सापडलं.

तेव्हापासून शेवटच्या खाण्याची तारीख आणि वेळ मी चिठ्ठीवर लाल पेनने लिहिते. इंजेक्शन त्यानंतरच. ‘ताई, लवकर आटपा’ म्हणणाऱ्यांनाही हाच नियम आहे.

दुखण्याचं इंजेक्शन न सांगणं

ट्रामाडॉल, पेंटाझोसिन, फेंटानिल यांसारख्या औषधांनी पित्तनलिकेचं आतड्याकडचं तोंड आवळतं, आणि नळीत अडथळा असल्यासारखं चित्र येतं. मनाने काही बंद करू नका, पण शेवटचा डोस कधी झाला ते सांगा.

तासाभरात उठून निघणं

पित्ताशय दिसलं नाही तर ४ तासांपर्यंत पुन्हा फोटो घ्यावे लागतात. उशिरा भरणारं पित्ताशय आणि अजिबात न भरणारं पित्ताशय यांचं निदान वेगळं असतं. पार्किंग आणि परतीची गाडी यांच्यापायी अर्धवट स्कॅन घेऊन जाणाऱ्यांना मी मुळीच सोडत नाही. सबंध दिवस मोकळा ठेवूनच या.

काही छोट्या गोष्टी

वेळेवर या, टेक्नेशियम दर ६ तासांनी निम्मं होतं, ते साठवून ठेवता येत नाही. किरणोत्सर्गाची मात्रा पोटाच्या सीटी स्कॅनपेक्षा कमी असते. हे इंजेक्शन सीटीत वापरतात तसलं आयोडीनचं नाही. यंत्र जवळ येतं, पण एमआरआयसारखा धडधडाट नसतो. श्वास नेहमीसारखा घ्या, कूस बदलू नका. गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल, तर इंजेक्शनआधी सांगा. गरोदर नातेवाइकांना सोबतीला आणू नका.

बाळाचा स्कॅन असेल तर

तान्ह्या बाळाची कावीळ लांबली की पित्तनलिका बंद आहेत का हे बघायला हाच स्कॅन करतात. त्याआधी साधारण ५ दिवस फेनोबार्बिटोन नावाचं औषध देतात, म्हणजे यकृत पित्त जोमाने सोडतं. ‘बाळ फार झोपतंय’ म्हणून आईबाप ते परस्पर बंद करतात. तसं करू नका, आधी डॉक्टरांना फोन करा. आणि २४ तासांनंतरच्या फोटोला बोलावलं असेल तर बाळाला घेऊन याच. पित्तनलिका खरंच बंद असतील तर ‘कसाई’ (हे जपानी सर्जनचं नाव) ऑपरेशन, म्हणजे यकृताला आतडं जोडून पित्ताला वाट करून देणं, बाळ ६० दिवसांचं व्हायच्या आत झालेलं बरं असतं.